अकलूजच्या घोडेबाजारात एक दिवस नाडीचा ठेवा

प्रति,
अकलूज घोडेबाजाराचे आयोजक
आणि सोलापूर जिल्ह्यातील पशुसंवर्धन विभागाचे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली की पंजाब, राजस्थान, गुजरातहून घोड्यांचे ट्रक अकलूजच्या वाटेला लागतात. बाजारात गिऱ्हाईक घोडा कसा बघतं, ते मी वर्षानुवर्षं कडेला उभी राहून बघत आले आहे. आधी उंची मोजतात. मग रंग बघतात, कानांची टोकं जुळतात का बघतात, कपाळावरचे नि छातीवरचे भोवरे शोधतात. ओठ उचलून दातांवरून वय काढतात. मग हलगी वाजते, घोडा दोन पायांवर उभा राहतो, लोक मोबाइल वर धरतात. लाखांचा व्यवहार ठरतो, हातात हात पडतो, आणि तोवर त्या जनावराच्या छातीला कुणी कान लावलेला नसतो.

माझी मागणी एकच आहे. बाजाराच्या दिवसांतला एक दिवस लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीसाठी राखा. जगभर या खेळाला एन्ड्युरन्स रायडिंग म्हणतात. त्यात घोडा किती जोरात पळाला यापेक्षा पळून आल्यावर त्याचं काळीज किती लवकर शांत झालं हे बघतात, आणि पुढे जायचं की थांबायचं हे पशुवैद्यक ठरवतो.

मी मोहोळ तालुक्यातली शेतकरी. माझे आजोबा सोलापूर स्टेशनबाहेर टांगा लावायचे, आणि चालता येण्याच्या आधी मी घोडीच्या पाठीवर बसले होते, असं आई सांगायची. टांगे गेले, रिक्षा आल्या, घरची घोडी विकली गेली. माझं घोड्याचं वेड मात्र तसंच राहिलं. लग्न झालं, मुलं मोठी झाली, मग शेतावर पुन्हा घोडी आणली. लांब पल्ल्याच्या स्पर्धा मी चाळिशी उलटल्यावर सुरू केल्या. आधी २० किलोमीटर, मग ४०, मग ६० आणि ८०. त्यासाठी दरवेळी जिल्हा सोडून, बहुतेक वेळा राज्य सोडून जावं लागलं. ज्या जिल्ह्यात घोड्यांचा एवढा मोठा बाजार भरतो, तिथे ही सोय नसावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हा खेळ आहे तरी कसा, ते थोडं सविस्तर सांगते, कारण ‘घोड्यांची शर्यत’ म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर भलतंच चित्र येतं.

१९५५ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, वेंडेल रॉबी नावाचा गृहस्थ काही सोबती घेऊन सिएरा नेव्हाडाचे डोंगर ओलांडत ऑबर्न गावापर्यंत १०० मैल एका दिवसात घोड्यावरून आला. आजचा घोडा एका दिवसात १०० मैल चालू शकतो का, एवढंच सिद्ध करायचं होतं. तीच पुढे टेव्हिस कप नावाची स्पर्धा झाली. २४ तासांची मुदत असते, आणि जवळपास निम्मे स्वार शेवटपर्यंत पोचतच नाहीत. पहिल्या दहांत आलेल्यांपैकी ज्याचा घोडा सगळ्यात चांगल्या स्थितीत असेल, त्याला हॅगिन कप नावाचं वेगळं बक्षीस मिळतं. मला विचाराल तर खरं बक्षीस तेच. १९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने हा प्रकार अधिकृत केला. आता त्यात १००, १२० आणि १६० किलोमीटरच्या एका दिवसाच्या स्पर्धा असतात.

सगळं अंतर एका दमात नसतं. २०, ३०, फार तर ४० किलोमीटरचे टप्पे पाडलेले असतात. टप्पा संपला की स्वार उतरतो, खोगीर काढतो, घोड्यावर पाणी ओततो, आणि १५ मिनिटांच्या आत घोडा पशुवैद्यकापुढे उभा करतो. नाडी मिनिटाला ६४ किंवा त्याखाली यायलाच हवी. निवांत उभ्या घोड्याचे ठोके ३० ते ४० असतात, चौखूर धावताना ते २०० च्या वर जातात. म्हणजे ६४ हा आकडा ‘शांत होत आलोय’ असं सांगणारा. आणि गंमत अशी की टप्प्याचं घड्याळ घोडा हद्दीत शिरला म्हणून थांबत नाही, नाडी खाली आल्यावर थांबतं. जो स्वार शेवटचे दोन किलोमीटर उधळत येतो, त्याचा घोडा धापा टाकत उभा राहतो आणि मिनिटं जातात. जो शेवटी उतरून घोड्याबरोबर चालत येतो, तो बऱ्याचदा पुढे निघून जातो. जनावराला जपणाऱ्याचा फायदा व्हावा, असा हा नियम आहे, आणि या एका नियमासाठी मला हा खेळ इतका आवडतो.

नाडीवर तपासणी संपत नाही. पशुवैद्यक हिरडी अंगठ्याने दाबून सोडतो; पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. खांद्याजवळची कातडी चिमटीत धरून सोडतो. ती लगेच बसली नाही तर अंगातलं पाणी कमी झालंय. पोटाला दोन्ही बाजूंनी, वर आणि खाली, स्टेथोस्कोप लावून आतड्यांची गुडगुड ऐकतो; ती बंद असेल तर पोटशूळ दाराशी उभा आहे. पाठ, खोगिराचा पट्टा म्हणजे तंग जिथे आवळतो ती जागा, खूर, सगळ्यावरून हात फिरवतो. मग घोडा मोकळ्या लगामाने सपाट, कडक जमिनीवर दुडक्या चालीने पळवून आणायचा. एका पायावर जरा भार कमी पडला तरी स्पर्धा तिथेच संपते. काही ठिकाणी ४० मीटर नेऊन परत आणल्यावर, पहिल्या मोजणीपासून बरोबर एका मिनिटाने पुन्हा नाडी घेतात. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा वाढला तर घोडा थकलाय किंवा त्याला कुठेतरी दुखतंय, असं समजतात. मग सक्तीची विश्रांती, बहुधा ४० मिनिटं: चारा, पाणी, सावली. आणि हे सगळं शेवटच्या रेषेनंतरही पुन्हा होतं. पहिला आलेला घोडा तपासणीत नापास झाला, तर त्याचा नंबर जातो.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळते. सोलापूरचं ऊन सगळ्यांना माहीत आहे, उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. अशा उन्हात राबणाऱ्या घोड्याबद्दल आपल्याकडे एक समज घट्ट बसलाय की घामाने निथळणाऱ्या घोड्याला पाणी पाजू नये आणि त्याच्यावर गार पाणी ओतू नये. या समजापायी वरातीच्या घोड्या तासन्‌तास कोरड्या उभ्या असतात. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या आधी, तिथल्या दमट उष्म्यात घोड्यांचं कसं होणार म्हणून शास्त्रज्ञांनी यावर काम केलं, आणि तापलेल्या घोड्यावर भरपूर गार पाणी ओतणं सुरक्षित तर आहेच, त्याचा जीव वाचवणारं आहे, हे पुढे आलं. घोड्याला तासाला १० लिटरहून जास्त घाम येऊ शकतो, आणि त्याच्या घामात माणसाच्या घामापेक्षा कितीतरी जास्त क्षार असतात. पाण्याबरोबर मीठही निघून गेल्यामुळे कोरड्या पडलेल्या घोड्याला कधी कधी तहानच लागत नाही. समोर बादली ठेवली तरी तो तोंड फिरवतो, आणि मालक समजतो याला पाणी नको. चंदीत मीठ घालणं, वाटेत मिळेल तिथे पाजणं, पाजून लगेच चालतं ठेवणं, या गोष्टी मला या खेळाने शिकवल्या. आजोबांच्या पिढीला प्रेम होतं, माहिती नव्हती. आज माहिती आहे, पण ती तोबऱ्यापर्यंत पोचायला काहीतरी निमित्त लागतं.

ते निमित्त आपल्याकडे का व्हावं, याला कारण भीमा. तिच्या काठच्या तट्टांवर मराठ्यांची फौज उत्तरेपर्यंत गेली. अवजड तोफखाना आणि लटांबर मागे ठेवून, कडब्यावर आणि वाटेतल्या गवतावर जगणाऱ्या लहान, काटक घोड्यांवर मजल दरमजल करायची, हीच त्या फौजेची ताकद होती. १७२८ मध्ये पालखेडला पहिल्या बाजीरावाने निजामाला जेरीस आणलं ते याच चालीने. राज्यगीतात आपण उभं राहून ज्या भीमथडीच्या तट्टांचं नाव घेतो, ती आजही आहेत. मेंढ्यांमागे फिरणाऱ्या धनगरांच्या वाड्यावर ती दिसतील: पाठीवर संसार, वर बांधलेली कोंबडी, कधी एखादं लहान मूल, आणि दिवसाची मजल ठरलेली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंदही केली आहे. पण बाजारात या तट्टाकडे कोण बघतं? तिथे उंचीला भाव आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि तट्टं मिळून साधारण ३ लाख ४० हजार उरली, २०१२ पेक्षा ४५ टक्क्यांनी कमी. जी जात उंचीत बसत नाही, वरातीत मिरवत नाही, तिला अशा दिवसांत कोण सांभाळणार?

लांब पल्ल्यात जगभर अरबी घोडा पुढे असतो, आणि तोही फार उंच नसतो. बारीक हाड, हलका देह, वजनाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा, त्यामुळे अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते. उंचापुरा, मांसल घोडा डोळ्यांत भरतो, पण ४० किलोमीटरनंतर तोच जास्त वेळ तापलेला राहतो. धनगराच्या तट्टाची नाडी पाच-सात लाखांच्या घोड्याआधी ६४ वर आली, असं एकदा भर बाजारात चारचौघांसमोर घडू द्या. ते घडेल याची मला खात्री आहे. त्यानंतर त्या तट्टाची शिंगरं कुणी मातीमोल विकणार नाही. खिल्लार खोंड पारखणारी माणसं या जिल्ह्यात गावोगाव आहेत. त्यांना घोड्याचा दम पारखायला शिकवायला फार दिवस लागणार नाहीत.

वारीचं उदाहरण तर तुमच्या अंगणातलं आहे. माउलींच्या सोहळ्यातले अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून निघतात आणि सुमारे ३०० किलोमीटर चालून आळंदीला पोचतात. तिथून पालखीबरोबर पंढरपूर. पुरंदावडे आणि खुडूसचं गोल रिंगण तुमच्याच माळशिरस तालुक्यात होतं, तुकोबांच्या पालखीचं तर अकलूजमध्येच. अश्व धावून गेला की टापांखालची माती आपण कपाळाला लावतो. रोज ठरावीक मजल, ठरलेला विसावा, वेळेवर चंदी-पाणी, हे लांब पल्ल्याचं सगळं शास्त्र त्या प्रवासात आहे. मी मागते आहे ते आपल्याला परकं नाही.

आता दुसरी बाजू. जिल्ह्यातल्या एका गावाजवळ, डांबरी रस्त्यावर, घोडागाडीची शर्यत मी पाहिली आहे. दोन्ही बाजूंना मोटरसायकली, हॉर्न, आरोळ्या. जिंकलेल्या घोडीवर गुलाल उधळला. तिच्या नाकपुड्या फाकल्या होत्या, मांड्या थरथरत होत्या, आणि तिच्या बरगडीला हात लावून बघणारं तिथे कुणी नव्हतं. संध्याकाळी ती बसली ती उठली नाही. मालक ढसाढसा रडत होता. त्याचं घोडीवर प्रेम नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही. पण कुठल्या क्षणी थांबायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि थांबवण्याचा अधिकार असलेला माणूस त्या रस्त्यावर नव्हता. अशा शर्यती चोरून होत राहतात, कारण पोरांच्या अंगातल्या रगीला दुसरी वाट नाही. ती वाट तुम्ही काढून देऊ शकता.

या खेळातही वाईट घडलेलं आहे, आणि ते लपवून मी तुमच्याकडे मागणी करणार नाही. आखाती देशांत सपाट वाळूवर हाच खेळ भन्नाट वेगाची शर्यत झाला. घोड्यांचे पाय मोडले, औषधं टोचली गेली. २०१५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या महासंघाला आंतरराष्ट्रीय महासंघाने निलंबितच केलं. २०१८ मध्ये अमेरिकेत ट्रायनच्या जागतिक स्पर्धेत उष्मा आणि दमटपणामुळे लांब पल्ल्याची स्पर्धा मध्येच रद्द करावी लागली. म्हणून आपल्याकडे सुरुवातीपासून वेगाला लगाम हवा. नवख्या घोड्या-स्वारांसाठी ताशी १६ किलोमीटरची मर्यादा आंतरराष्ट्रीय नियमांतही आहे. मी म्हणते, आपण पहिल्या वर्षी १२ च ठेवू. त्यापेक्षा लवकर आला तो बाद.

पहिल्या वर्षी २० आणि ४० किलोमीटर पुरे. पाच वर्षांखालचा घोडा नको, कारण तोवर त्याची हाडं पक्की झालेली नसतात. पहाटे सहाला सुटायचं, ऊन चढायच्या आत सगळे परत. बाजाराच्या सुमारास ऊस तोडणी सुरू होते आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्ते भरतात, त्यामुळे डांबरी रस्ता ओलांडण्यापुरताच घ्यावा. नीरा उजव्या कालव्याच्या कडेचे कच्चे रस्ते, पाणंदी, आणि दक्षिणेला पिलीवकडचा माळ एवढ्यात सुंदर मार्ग बसतो. पाऊस झालेला असेल तर काळ्या रानातून नेऊ नका. चिकट मातीत नाल निघतो आणि पायाच्या शिरा ताणल्या जातात. दर दहा किलोमीटरवर पाण्याचा टँकर, बादल्या, आणि प्रत्येक घोड्याला वेगळी बादली, कारण रोग पसरतात. ग्लँडर्सची रक्ततपासणी केलेला, अहवाल निर्दोष असलेलाच घोडा उतरू द्या. हा रोग माणसालाही होतो, त्यात कसलीही सूट नको.

पशुवैद्यक कुठून आणायचे? पशुसंवर्धन विभागाचे डॉक्टर आहेतच. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही फार लांब नाही; तिथल्या विद्यार्थ्यांना एका सकाळी इतके घोडे तपासायला मिळतील, तेवढे एरवी कुठे मिळणार? नालबंदांनाही बोलवा. जिल्ह्यात चांगला नालबंद शोधायला आज दोन-दोन तालुके फिरावं लागतं, आणि वाकडा ठोकलेला नाल घोड्याला आयुष्यभर लंगडा करतो. बक्षिसाची मोठी रक्कम पहिल्या येणाऱ्याला देऊ नका. ती उत्तम स्थितीत परतलेल्या घोड्याला द्या, आणि एक बक्षीस भीमथडी तट्टांसाठी राखून ठेवा. वरातीचे घोडेवाले आणि धनगर यांच्याकडून प्रवेश फी घेऊ नका. चातुर्मासात लग्नं नसतात, तेव्हा वरातीचे घोडे खुंट्यावर उभे असतात. सराव सुरू करायला तेच दिवस बरे.

मुलींचं वेगळं सांगते. या खेळात बाई आणि पुरुष एकाच रेषेवरून सुटतात, वेगळा गट नसतो. २०२३ मध्ये फ्रान्समध्ये झालेल्या तरुण स्वारांच्या जागतिक स्पर्धेत १२० किलोमीटर पूर्ण करणारी पहिली भारतीय केरळची निदा अंजुम होती. तिची तयारी परदेशात झाली. आपल्या जिल्ह्यात मेंढ्यांमागे बिनखोगिराची घोडी हाकणाऱ्या पोरी मी पाहिल्या आहेत. त्यांना हा रस्ता निदान दिसू तरी द्या.

मार्ग आखायला मी स्वतः येईन, माळावरून घोडीवर बसून आधी एकदा फिरून बघेन. पशुवैद्यकांनी भरायच्या तपासणीपत्रकाचा मराठी नमुना मी तयार केला आहे. नियमही सोप्या मराठीत लिहून काढले आहेत, निरक्षर मालकाला वाचून दाखवले तर कळतील असे. दोन्ही कागद तुमच्या कार्यालयात आणून देते. पुढच्या बाजाराची तारीख ठरवायला बसाल, तेव्हा त्या बैठकीत मला अर्धा तास द्या. पशुसंवर्धन विभागाचे अधिकारी त्याच बैठकीला आले तर तपासणीचं आणि रक्ततपासणीचं तिथल्या तिथे ठरवता येईल.

आपली,
मोहोळ तालुक्यातली एक शेतकरी आणि घोडेस्वार